हो, भाराभर चिंध्याच. मग?

"तुझा मेन खेळ कुठला?" हा प्रश्न मला पळणारे विचारतात, पोहणारे विचारतात, बॅडमिंटनवाले तर हमखास विचारतात, आणि मी "असा एक नाहीये" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, की बिचाऱ्याला अजून आपलं काही सापडलेलं नाही, ते बघून मला जाम हसू येतं. अरे, मी काही शोधतच नाहीये. पळतो, पोहतो, सायकल चालवतो, बॅडमिंटन खेळतो, क्लाइंबिंगच्या भिंतीवर लटकतो, जमेल तेव्हा डोंगरात जातो, आणि कुणी टेबल टेनिसची बॅट हातात दिली तर तिथेही तास कसा गेला कळत नाही. यातल्या एकातही मी भारी नाहीये. सल्ला मात्र सगळीकडून एकच, काहीतरी एक धर बाबा, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

माझं म्हणणं असं की हौशी माणसाने खुशाल चिंध्या गोळा कराव्यात. ज्याचं पोट खेळावर आहे त्याने एकच धरावा, त्याला इलाज नाही. माझ्या दहा किलोमीटरच्या टायमिंगमधलं एक मिनिट कमी झालं काय नि वाढलं काय, माझ्याशिवाय कुणाला पत्ता नसतो. मग त्या एका मिनिटासाठी बाकी सगळं सोडून द्यायचं कशासाठी?

आणि "सगळं करायला गेलास तर सगळ्यातच मागे राहशील" हे तर खरंच आहे की. डेकॅथलॉन बघा. दोन दिवसांत दहा प्रकार, धावणं, उड्या, फेकी सगळं, आणि अंग पार पिळून निघाल्यावर शेवटी १५०० मीटर. २०१८ मध्ये फ्रान्सच्या केव्हिन मायेरने ९१२६ गुणांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याने ते १५०० मीटर पळायला ४ मिनिटं ३६ सेकंद घेतले. नुसत्या १५०० चा विश्वविक्रम आहे ३ मिनिटं २६ सेकंद, मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजचा, १९९८ चा. म्हणजे जगातला सगळ्यात भारी अष्टपैलू ॲथलीट त्या एका शर्यतीत मिनिटाहून जास्त मागे, १०० मीटरलाही १०.५५, बोल्टच्या ९.५८ च्या आसपास नाही. म्हणून त्याला कुणी अर्धवट म्हणतं का? उलट डेकॅथलॉनवाल्यांची एक पद्धत मला फार आवडते, शेवटची शर्यत झाली की पहिला आलेला आणि शेवटचा आलेला, सगळे मिळून मैदानाला एक फेरी मारतात. दोन दिवस सगळ्यांची सारखीच वाट लागलेली असते ना.

याच खेळात १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जिम थॉर्पने सुवर्ण जिंकलं होतं, पाच प्रकारांच्या पेंटॅथलॉनचंही. पण आधी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते म्हणून तो "हौशी" नाही असं ठरवून १९१३ मध्ये दोन्ही पदकं काढून घेतली, आणि दोन्ही प्रकारांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव परत लागायला २०२२ उजाडलं. आपण त्या बाबतीत निर्धास्त, काढून घ्यायला मुळात पदकच नाही.

आता खरी मजा कुठे आहे ते सांगतो. मजा आहे ती नवशिकेपणात. पळण्यात वर्षानुवर्षं घालवल्यावर सुधारणा मुंगीच्या पावलाने होते, आणि तोच माणूस पाण्यात उतरला की सगळा माज तलावाच्या एका लांबीत उतरतो. छाती फुटेल इतका दम लागतो, आणि गंमत म्हणजे दम कमी असतो म्हणून नाही, तर पाण्यात असताना श्वास सोडलेलाच नसतो म्हणून! तोंड बाहेर आल्यावर त्या क्षणात आधी सोडणं आणि मग घेणं दोन्ही बसत नाही. खाली असतानाच बुडबुडे काढत राहायचं, म्हणजे वर आल्यावर फक्त घेणं उरतं. त्यात डोकं उचलायचं नसतं, नुसतं वळवायचं असतं, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर. डोकं उचललं की कंबर खाली, पाय खाली, आणि पळणाऱ्यांचे घोटे इतके कडक असतात की कितीही किक मारा, माणूस जागच्या जागी फेस काढतो. मग कधीतरी हात पुढे लांब जातो, अंग कुशीवर वळतं, तोंडाशी हवा आपोआप येते आणि तुम्ही भिंतीपाशी न थांबता वळून परत निघता. हा आनंद मला दहा किलोमीटरच्या कुठल्याच टायमिंगने दिलेला नाही.

भिंतीवर चढतानाही तेच. पहिल्या दिवशी सगळे हातांनीच चढतात, होल्ड, म्हणजे भिंतीवरच्या धरायच्या खुंट्या, अशा आवळतात की थोड्या वेळात फोरआर्म दगड होतात आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही. हात सरळ ठेवायचे, वजन पायांवर द्यायचं, बुटाचं टोक नीट बघून ठेवायचं, एवढंच ते असतं, पण अंगाला पटायला वेळ लागतो.

सगळं एकमेकांना मदत करतं असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बॅडमिंटनमधली ती छोटी उडी, समोरचा शटल मारतो त्या क्षणी दोन्ही पाय हलकेच आपटून तयार राहायची, ती टेनिसला जशीच्या तशी चालते. पण हात? टेनिसमध्ये मनगट घट्ट आणि स्विंग मोठा, बॅडमिंटनमध्ये पकड सैल आणि शेवटच्या क्षणी झटका. टेनिस खेळून लगेच बॅडमिंटनला गेलं की शटल अंगावर येऊन पडतं आणि रॅकेट अजून मागेच असते. सायकलवाल्यांचं वेगळंच. हृदय आणि फुप्फुसं तयार असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात लांब पळतात, आणि नडगी धरून बसतात. स्नायू आणि दम लवकर वाढतात, हाडं आणि कंडरा सावकाश, त्यांना सायकलवर आपटायची सवयच झालेली नसते. त्यामुळे नवा खेळ सुरू करताना फिटनेस विसरून नवख्यासारखंच सुरू करायचं. आणि प्लीज, रनिंगचे उंच मऊ सोलवाले शूज घालून बॅडमिंटन कोर्टवर जाऊ नका, बाजूला झेप घेताना घोटा गेलाच म्हणून समजा.

उलट बाजूही आहे, नाही असं नाही. पोहण्याचं तंत्र फार लवकर गंजतं, महिनाभर पाण्यात गेलं नाही की हाताला पाण्याची पकडच सापडत नाही. कुठल्याही ग्रुपमध्ये आपण कायम "अधूनमधून येणारा" असतो. आणि मनगटावरचं ते घड्याळ! आठवडाभर चढलो, पोहलो, टेबल टेनिस खेळलो, हाता-पायाचा एकही स्नायू दुखायचा राहिला नाही, आणि घड्याळ म्हणतंय तुझं ट्रेनिंग अनप्रॉडक्टिव्ह आहे, कारण पळालो नाही ना. मी ते नोटिफिकेशनच बंद करून टाकलं.

आणि दोन खेळ एकदम होतच नाहीत म्हणणाऱ्यांसाठी चेक प्रजासत्ताकाची एस्टर लेडेत्स्का. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने स्कीइंगच्या सुपर-जीमध्ये, म्हणजे उतारावरच्या वेगाच्या शर्यतीत, एक शतांश सेकंदाने सुवर्ण काढलं आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डचंही. ती प्रोफेशनल आहे, तिची आपली बरोबरी नाही, पण निदान "शक्यच नाही" हे वाक्य तरी जरा जपून वापरा.

सध्या माझ्या डोक्यात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घुसलीय. होडी पाण्यात उलटली की आत बसल्या बसल्या ती सरळ करायची, तो रोल शिकायचाय. सगळे सांगतात की कंबरेने बोट फिरव आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर काढ, आणि अंगाची पहिली धडपड नेमकी डोकं वर काढायचीच असते. ज्यांना येतो त्यांनी कमेंटमध्ये सांगा, तुम्हाला पहिल्यांदा कशाने जमला? आणि "आधी एक काहीतरी नीट शिक" असं लिहिणार असाल तर वरून परत वाचा.