चुंबक, जनुके आणि स्वस्तिक

जून 2021 मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकाने कोविशिल्डचा दुसरा डोस घेतल्यावर अंगाला नाणी आणि चमचे चिकटू लागल्याचा दावा केला, तेव्हा इथे मेलबर्नमध्ये आमच्या ओळखीच्या काही मराठी मंडळींनी ‘आपल्याकडे हे असेच’ म्हणून नाके मुरडली. त्याच आठवड्यात अमेरिकेत ओहायोच्या विधिमंडळ समितीसमोर एक परिचारिका स्वतःच्या मानेला किल्ली चिकटवून हेच सिद्ध करू पाहत होती आणि किल्ली काही केल्या मानेवर टिकत नव्हती. अफवा नाशिकच्या मातीतली नव्हती. मे महिन्यापासूनच ती परदेशात समाजमाध्यमांवर फिरत होती.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) दावा खोटा असल्याचे जाहीर केले. माझ्या मते त्या शिक्क्यापेक्षा टाल्कम पावडरचा डबा अधिक कामाचा होता. घामट, तेलकट त्वचेला गुळगुळीत चमचा चिकटतो आणि पावडर लावली की घसरतो. चुंबकत्व असते, तर पावडरने काहीच बिघडले नसते. हे ज्याचे त्याला घरी करून पाहता येते.

‘लस डीएनए बदलते’ हा निरोपही असाच आयात झालेला. आक्षेप मुख्यतः एमआरएनए लशींवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेश देणाऱ्या लशींवर होता, आणि नाशिककरांना प्रामुख्याने मिळालेल्या कोविशिल्ड व कोव्हॅक्सिन या त्या प्रकारच्या नव्हत्याच. एमआरएनएदेखील, जिथे डीएनए असतो त्या पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, हे वेगळेच.

जनुकांच्या बाबतीत मात्र घरी पडताळण्याची सोय नाही, म्हणून तिथे मथळ्यावरच भागवले जाते. सप्टेंबर 2019 मध्ये डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी पुरलेल्या एका स्त्रीच्या जनुकांत, आर्यांशी जोडल्या जाणाऱ्या स्टेपी (युरेशियातील गवताळ) प्रदेशातील वंशाचा अंश नसल्याचे दाखवले, आणि ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ हा निष्कर्ष नाशिकपासून मेलबर्नपर्यंत अभिमानाने फिरला. त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या, शिंदे ज्याचे सहलेखक आहेत अशा दुसऱ्या शोधनिबंधात तो वंश इ. स. पू. 2000 ते 1500 च्या दरम्यान दक्षिण आशियात मिसळल्याचे म्हटले आहे. राखीगढीची स्त्री त्याआधीची. तिच्यात तो अंश सापडता तरच नवल. सुखावणारा दावा कोणी तपासत नाही, आणि यात आम्ही परदेशस्थ तर चार पावले पुढेच.

दुखावणारा दावाही तपासला जातो असे नाही. व्हिक्टोरिया राज्याने 2022 मध्ये नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, तेव्हा ‘ऑस्ट्रेलियात स्वस्तिकावर बंदी, रांगोळी काढाल तर तुरुंग’ असा निरोप पंचवटीतल्या मावसभावाकडून माझ्याकडे आला. मी राहतो त्या राज्याची बातमी मला नाशिकहून कळावी, याची गंमत वाटली. वर्षभराच्या कैदेची तरतूद खरी आहे, पण ती नाझी चिन्ह जाणूनबुजून मिरवणाऱ्याला. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेतील स्वस्तिकाला त्याच कायद्यात स्पष्ट सूट आहे. मी ते कलम मराठीत लिहून पाठवले. ‘दादा, मग हे त्यांनी बातमीत का नाही लिहिले?’ असे त्याने विचारले, आणि मूळ निरोप ज्या काकांनी पाठवला होता त्यांनाही ते कलम धाडून दिले.