घाणेरी परत येतेच

शाळेच्या ग्रुपवर परवा पुण्याच्या वेताळ टेकडीचा फोटो पडला. एका छोट्या संस्थेने दोन वर्षांपूर्वी घाणेरी, म्हणजे रानभर माजणारं लँटानाचं झुडूप, काढलेला उतार, आणि त्यावर पुन्हा तीच घाणेरी, कंबरेइतकी. खाली शेरा: ‘देणग्या कुठे मुरल्या, विचारा जरा.’ त्यावर पंधरा अंगठे.

माझं डोकंच फिरलं. मी सिडनीत दर महिन्याला बुशकेअरला, म्हणजे स्वयंसेवकांच्या रान राखायच्या कामाला, जाते आणि गुडघे टेकून हेच काढते. बुंधा जमिनीलगत कापायचा आणि पंधरा सेकंदांच्या आत कापलेल्या तोंडावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावायचं. उशीर झाला की खालून परत फुटते. आठ वर्षं झाली, आमचा पट्टा दोन टेनिस कोर्टांएवढा, अजून संपलेला नाही. काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, हातमोजे देते, मॉर्निंग टीला लॅमिंग्टन केक असतात, आणि पैसे कुठे मुरले असं कुणी विचारत नाही.

इथल्या मॉस्मन या उपनगरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात एक रीत घालून दिली. रान जिथे चांगलं आहे तिथून सुरुवात करायची, बिघडलेल्या भागाकडे सरकायचं, आणि मागचं रान जेवढं भरून येईल तेवढंच पुढे जायचं. घाणेरीची सगळी जाळी एकदम काढायची नाही. तिच्या आत निळ्या रेन पक्ष्यांची घरटी असतात. या रीतीचा फोटो काय काढणार? आणि पुण्यात तर फोटोशिवाय पैसा नाही. तिथल्या संस्थेत असलेली मैत्रीण म्हणाली, “रोप लावायला कंपन्या रांगेत उभ्या असतात. उपटलेल्या झुडपाला पाटी कुठे लावणार गं?” जूनमध्ये साठ स्वयंसेवक येतात. घाणेरीची नवी रोपटी उगवतात तेव्हा, ऑगस्टमध्ये, चार.

इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. आमच्यातली पन्नाशीची मीच सगळ्यात लहान, आणि मागे एकदा अनुदान संपलं तेव्हा वर्षभरात अर्धा उतार परत घाणेरीखाली गेला. पण हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

ही बया दोन्हीकडे साहेबाने बागेची शोभा म्हणून आणली. कोलकात्यात १८०९ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात १८४१ मध्ये. मी आले २००९ मध्ये. पहिल्याच आठवड्यात स्टेशनमागच्या पायवाटेवर ओळखीचं असं एकच झाड दिसलं. पानं चुरगळून वास घेतला, दोन काळी फळं तोंडात टाकली आणि तिथेच रडले. आमच्या कोऑर्डिनेटर बाईंना हे सांगितलं तर त्या फळांचंच ऐकून हादरल्या.

ग्रुपवर मी ब्रॅडली बहिणींसकट लांबलचक उत्तर टाकलं. पाचच मिनिटांत मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “तू पुण्यात होतीस तेव्हा कधी गेलीस का गं टेकडीवर?”

रोज जायचे. फिरायला.