वजन उतरलं तरी कीटण तसंच राहतं

‘वजन आटोक्यात आलं की हिरड्यांची सूज आपोआप ओसरते’ हे लठ्ठपणा आणि हिरड्यांच्या आजारावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. पोटाच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा, आयएल-६ अशी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, हे खरं. पण हिरडीखाली साचलेलं कीटण, म्हणजे दातांवर घट्ट बसलेला थर, व्यायामाने निघत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून ते खरवडून काढणंच, लागतं. माझ्या आईने मधुमेहामुळे वजन चांगलं उतरवलं, हिरड्यांतून रक्त येणं मात्र दात साफ करून घेतल्यावरच थांबलं.

आणि बायकांच्या हिरड्यांच्या त्रासाचं कारण म्हणून लेखात फक्त गरोदरपण आणि रजोनिवृत्तीतली संप्रेरकं? आपल्याकडे गावोगावी कितीतरी बायका रोज दात-हिरड्यांना मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पुरुषाला डॉक्टर गुटख्याबद्दल विचारतात; बाईला मिश्रीबद्दल क्वचितच विचारलं जातं, आणि ती स्वतःहून सांगत नाही.