खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेच्या सिनेटवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: सगळ्यात कमी लोकसंख्येचं राज्य वायोमिंग आणि सगळ्यात जास्त लोकसंख्येचं कॅलिफोर्निया, दोघांनाही दोनच सिनेटर, हा १७८७ साली फिलाडेल्फियातल्या राज्यघटना ठरवणाऱ्या अधिवेशनातला करार होता, त्याला अन्याय म्हणू नये, ६ जानेवारी २०२१ला जमावानं संसदेवर हल्ला केला तरी संस्था टिकल्या, ते मी लिहिलं नाही, एक साल चुकलं, आणि शेवटी, "ताई, ज्या देशाचं मीठ खाता त्याला निदान नावं तरी ठेवू नका."

साल चुकलं, मान्य. सिनेटर थेट मतदानानं निवडायची घटनादुरुस्ती १९१३ची. १९२०ची दुरुस्ती स्त्रियांच्या मताधिकाराची. मूळ लेखात बदल केला आहे, आभार.

करार होता हे मलाही ठाऊक आहे. पावणेसहा लाखांना दोन आणि जवळपास चार कोटींना दोन, हे करार म्हटल्यानं न्याय्य ठरत नाही. राज्याची लोकसंख्या धरताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असं मोजायचा करारही त्याच अधिवेशनातला.

मिठाचं मात्र सोडणार नाही. 'ताई' म्हणायचं आणि त्याच ओळीत नमकहराम ठरवायचं, ही कुठली रीत? समोर बसून असं बोलला असतात का?

आणि मीठ कुणाचं, तेही बघा. भारतातून गेलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सांगितलं, तुम्ही गोरे नाही, नागरिक होऊ शकत नाही. १९४६ला दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. सताड उघडलं ते १९६५च्या कायद्यानं, आणि कृष्णवर्णीयांच्या मतदानातले अडथळे काढणारा मताधिकार कायदाही त्याच वर्षीचा. हा योगायोग नाही. कुणी कुठे जन्मला ते बघून कोटा ठरवायची पद्धत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातच मोडली.

त्या चळवळीतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या फॅनी लू हेमर दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात मळ्यावर राबायच्या. १९६२त मतदार यादीत नाव घालायला गेल्या, तर मालकानं अठरा वर्षांची नोकरी आणि घर दोन्ही काढून घेतलं. पुढच्या वर्षी तुरुंगात मारहाण झाली. १९६४त आमच्याच न्यू जर्सीत, अटलांटिक सिटीला, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, हीच का अमेरिका? मालकाच्या हिशोबानं त्याही खाल्ल्या मिठाला जागल्या नाहीत. मला या देशात पाय ठेवता आला तो अशा माणसांमुळे. मी त्यांचं मीठ खाते. जोतीरावांनी १८७३त 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ते तरी कोण होते? आपल्याच देशाला नावं ठेवणारेच ना?

२००९ साली मी नागरिकत्वाची शपथ घेतली, ती राज्यघटनेची राखण करण्याची. गप्प बसण्याची नव्हे. गेली सात वर्षं मी मतदान केंद्रावर काम करते. सहाला मतदान सुरू होतं, म्हणून पाचला शाळेच्या जिममध्ये टेबलं लावायला हजर असते. मागच्या खेपेला एक आजोबा आले, पक्षाघातानं उजवा हात लुळा पडलेला. डाव्या हातानं सही केली, ती मतदार वहीतल्या जुन्या सहीशी कुठून जुळणार? माझ्या शेजारच्या बाई रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. दोघींनी त्यांच्या हाताकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं आणि त्यांना मत देऊ दिलं. मिठाला जागणं मला तरी एवढंच कळतं. तुम्ही आजवर कुठल्या मतदान केंद्रावर दिवसभर बसला आहात?

६ जानेवारीचा मुद्दा त्या सिनेटवरच्या लेखाचा नव्हताच.

यापुढे सिनेटवर काय लिहायचं ते लिहा, अवश्य छापेन. मिठाचा हिशोब पुन्हा मांडलात तर प्रतिक्रिया काढून टाकेन.