वाळूत बाटल्या कोण पुरतं रे?

परवा सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका काकांची टाच फाटली. आमच्या बाटलीने. मी त्या बाटलीला हातही लावला नव्हता, पण तंबू आमचे होते, गाड्या आमच्या होत्या आणि वाळूत बाटल्या पुरणारा गाढवही आमचाच होता. तीन दिवस झाले, डोकं शांत होत नाहीये.

रात्री दगडावर आपटून एक फुटली, तर ती फुटकीसुद्धा याने पुरली. का? "दिसत नाहीत ना मग!" अरे, वाळू म्हणजे काय तुझ्या घरचं कपाट आहे? भरती आली, वर ठेवलेली वाळू ओढून घेऊन गेली आणि तो तुटका गळा उघडा पडला. सकाळी रापण लागली होती. दोर कमरेला टेकवून माणसं उलट्या पावलांनी मागे सरकत होती, सगळी अनवाणी. मागचं कुणाला दिसणार? काका मटकन खाली बसले. वाळू लाल झाली. आणि त्यांनी शिवी घातली नाही, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "झिलांनू, आमी हय अनवाणी चलतंव रे."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यावर आमचा हा महाभाग पाकीट काढून मला हळूच म्हणतो, "पाचशे देऊन टाक, विषय संपव." विषय संपव! त्या माणसाचे आठ-पंधरा दिवस बुडाले, खाऱ्या पाण्यात तो पाय घालायचा नाही, आणि याला विषय संपवायचाय. मी काकांना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. टाके पडले. हा तोवर तंबूत घोरत होता.

आणि तीच ओल्या वाळूच्या वरची कोरडी पट्टी! याच दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी तिथे चढून येते, दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. वर वायंगणीला कासवमित्र पहाटे उठून किनारा पालथा घालतात, घरटी जपतात. आणि आम्ही तिथे शेकोटी पेटवून, स्पीकर लावून, काचा पेरून येतो. समुद्राचा आवाज ऐकायला चारशे किलोमीटर गाडी हाणायची आणि पोचल्यावर तो ऐकूच येऊ नये याची सोय करायची. त्या स्पीकरचा मला मनापासून तिटकारा आहे. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचाही आहे. आंबोली घाटात रात्री नऊला तो फाडफाड आवाज काढत उतरणारा हाच होता.

आता खरा संताप ऐका. त्याच दुपारी तेरेखोलच्या फेरीबोटीतून आम्ही केरीला उतरलो. नदीची रुंदी ती केवढी? पण पलीकडे पाय टेकताच हा माणूस बदलला. रिकामी बाटली हातात धरून कचऱ्याचा डबा शोधत फिरला! कारण गोव्यात २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर पिताना सापडलं तर दंड आहे, हे त्याला तोंडपाठ. म्हणजे अक्कल आहे. कळतं सगळं. शिरोड्याला कुणी विचारणार नाही, एवढंच त्याने हेरलं होतं. आपल्याच कोकणात, आपल्याच माणसांच्या पायाखाली काच ठेवताना काही वाटलं नाही, आणि तिकडे दंडाच्या भीतीने सज्जन झाला.

परतीला तर कळसच. बांद्याच्या अलीकडे चहाला थांबलो, मी रेनकोट काढायला सॅडलबॅग उघडली तर आत गोव्याच्या दोन बाटल्या. माझ्या बॅगेत! मला न विचारता! पुढे इन्सुलीला तपासणी असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विनापरवाना दारू सापडली तर गुन्हा माझ्यावर, जप्त होणार ती माझी गाडी, जिचे अजून चौदा हप्ते बाकी आहेत. विचारलं तर म्हणे, "तुझ्या बॅगेत जागा होती." दोन्ही बाटल्या मी तिथेच त्याच्या हातात दिल्या आणि एकटा पुढे निघालो. पुण्यापर्यंत एकटा आलो.

बाकीचे तिघे फोन करून समजावतायत. "एवढं काय मनावर घेतोस, मित्र आहे आपला." गेल्या वर्षी त्याची पीयूसी संपली होती म्हणून नाक्यावर सगळे दीड तास उन्हात उभे होतो, तेव्हाही मित्रच होता. दर वेळी पहाटे पाचचं ठरवून सातला उगवतो, तेव्हाही. तेवढं मी गिळलं. रक्त नाही गिळता येत.

काकांना घरी सोडून आल्यावर निघायच्या आधी मी आणि एक जण वाळू उकरत बसलो होतो, टेंट पेगने आणि हाताने, वर ऊन चढेपर्यंत. किती पुरल्यास असं विचारलं तर आठवून अकरा म्हणाला.

आम्हाला नऊ सापडल्या.