कर्ज बुडवायचंच, तर मापात बुडवू नका

तुमच्या डोक्यावर कर्ज किती? आठ-दहा लाख? मग तुमचं कठीण आहे. इतक्या चिल्लर रकमेसाठी दिवाळं काढायची सोय या देशात नीटशी झालेली नाही. एकतर खूप कमी बुडवा, नाहीतर खूप जास्त. मध्येच बुडणाऱ्याला खाडीतली सुसरसुद्धा विचारत नाही.

आधी कमी बुडवण्याचं सांगतो. 2016 साली दिल्लीने नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता केली. त्यात गरीब कर्जदाराला पाटी पुसून नव्याने सुरुवात करायची मुभा आहे. अटी सोप्या: वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, माफ व्हायचं कर्ज 35,000 च्या आत आणि नावावर घर नको. घराची अट आपण गोंयकार झोपेतही पूर्ण करू, कारण आपलं घर वारलेल्या आजोबांच्याच नावावर असतं आणि वारसांच्या वाटणीचा, म्हणजे इन्व्हेंटरीचा, दावा कोर्टात. तुमचा मोबाईल मात्र 20,000 चा असेल तर आधी तो पाण्यात टाका. एवढं करून अर्ज घेऊन निघालात की कळेल, ही कलमं छापली आहेत, पण लागू केलेली नाहीत. तोवर साध्या माणसासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. त्यात 500 रुपये कर्ज असलं तरी नादारीचा अर्ज करता येतो. तेवढ्यात आज धड एक इसवण मासा येत नाही.

आता मी केलेली चूक तुम्ही करू नका. मावसभावाने एका पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मी जामीन राहिलो. तो हप्ते भरायचा थांबला. वसुलीवाला बरोबर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उगवला. मी स्टुलावर चढून गणपतीच्या डोक्यावरची रानफळांची माटोळी बांधत होतो, एका हातात कांगल्यांचा घोस, दुसऱ्या हातात सुंभ. त्याने अंगणातूनच, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "जामीनदार तुम्हीच मरे?" बायकोने त्याला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, दिल्या. त्याने त्या खाल्ल्या आणि नोटीसही दिली.

चूक जामीन राहण्याची नव्हती, माणसाला जामीन राहण्याची होती. कंपनीला राहायला हवं होतं. त्या 2016 च्या संहितेतली व्यक्तींची कलमं 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाली, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरती. म्हणजे मालकाने आपल्याच कंपनीसाठी शेकडो कोटींची हमी दिली, तर त्याला फेडीचा आराखडा मांडायला न्यायाधिकरण आहे, अर्ज पडताच वसुलीला तात्पुरती स्थगितीही त्यात ठेवली होती. मावसभावाच्या स्कूटरला हमी देणाऱ्याला नेवऱ्या तळाव्या लागतात.

आणि कंपनीच काढलीत तर बघायलाच नको. तिथे सावकाराने सोडून दिलेल्या रकमेला 'हेअरकट' म्हणतात. 2021 मध्ये व्हिडिओकॉनच्या प्रकरणात मान्य झालेले दावे 64,838 कोटींचे होते आणि कंपनी घेणाऱ्याने देऊ केलेली रक्कम 2,962 कोटींची. हा हेअरकट आहे की सगळीच हजामत, असं न्यायाधिकरणानेच आदेशात विचारलं. पुढे अपिलात तो आदेश रद्द झाला. आमच्या डिचोलीच्या न्हाव्याकडे एवढं डोकं भादरून घेतलं तर तो पैसे तरी घेतो.

माझ्या शेजाऱ्याला हे शिक्षण वेळेत मिळालं नाही. त्याने खनिज वाहायला टिपर घेतला, 2012 मध्ये खाणी थांबल्या. टिपर फणसाखाली उभा. बँकेने तो ओढून न्यायचाही कंटाळा केला, कारण आख्ख्या तालुक्यात टिपर विकणारेच होते, घेणारा कोण? 2014 मध्ये सरकारने खाणग्रस्त कर्जदारांसाठी मदतीची योजना काढली, त्यातून तो कसाबसा सुटला. खाणी पुन्हा सुरू झाल्या, याने पुन्हा टिपर घेतला. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीजं रद्द केली. आज टिपरच्या हौद्यात मातीच माती आणि काचेवर भोपळ्याचा वेल. त्या पानांतून काचेवर लिहिलेल्या 'देवाक काळजी' (देवाला काळजी) मधलं 'देवाक' तेवढं दिसतं.

त्याला मी धीर देतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे जप्तीवाला तुझे अंगावरचे कपडे, जेवणाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि बायकोचं मंगळसूत्र नेऊ शकत नाही. अंथरूण पाहून पाय पसर म्हणतात, ते अंथरूण कायद्याने तुझंच. समजा, पैसे असून दिले नाहीस आणि दिवाणी तुरुंगात पडलास, तरी जास्तीत जास्त तीन महिने, आणि तुझ्या जेवणाचा भत्ता सावकाराने भरायचा. त्यातही बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक होत नाही. पुढचा टिपर कुणाच्या नावावर घ्यायचा, ते आता त्याला सांगावं लागू नये.

सगळ्यात उत्तम मात्र सरकार व्हा. अमेरिकेत शहरालाही दिवाळं काढता येतं. डेट्रॉइटने जुलै 2013 मध्ये सुमारे 18 अब्ज डॉलरचं काढलं. आपल्याकडे राज्यासाठी वा पालिकेसाठी असा कायदाच नाही, म्हणजे दिवाळं निघण्याचा प्रश्नच मिटला. कंत्राटदाराचं बिल थकलं तर 'निधीअभावी प्रलंबित'. राज्यावर केंद्राचं कर्ज असेल तर घटनेच्या कलम 293 खाली आधी केंद्राला विचारायचं, मग रिझर्व्ह बँक तुमच्या कर्जरोख्यांचा लिलाव मांडते, बहुतेक मंगळवारी. त्या यादीत अधूनमधून आपलं गोवंही असतं. जुन्याची मुदत भरली की नवं काढायचं. अंगणात येऊन कुणी ओरडत नाही.

परवा वसुलीवाला पुन्हा आला. वार मंगळवार. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "बाब, आज मी दहा वर्षांचे रोखे काढतोय. पहिला मान तुमच्या पतसंस्थेचा." त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला आणि पावतीपुस्तकातला कार्बन सरळ करत विचारलं, "रोख की यूपीआय?"