तासाभराच्या अंतराने यकृत फसत नाही

सोलापुरात थंडी पडू लागली की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो: वनस्पतींचे अर्क नैसर्गिक असल्याने चालू गोळ्यांवर त्यांचा परिणाम होत नाही, दोन्हींत तासाचे अंतर ठेवावे आणि त्रास वाटल्यास अर्क थांबवावा, दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मला तो गिऱ्हाइकेच वाचून दाखवतात.

पहिला मुद्दा नैसर्गिकतेचा. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटाची विकरे, म्हणजे एन्झाइम, औषधाच्या रेणूत असे बदल करतात की तो शरीराबाहेर टाकता यावा. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. मिरी आणि पिंपळीतील पायपेरीन यांपैकी सीवायपी ३ए४ या विकराला अडवते, आणि आतड्यात शिरलेले औषध मागे ढकलणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनलाही. औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवण्याचा पायपेरीनचा हा गुण आपल्याच शास्त्रज्ञांनी कामाला लावला: २००९ मध्ये आलेल्या 'रिसोरिन' या क्षयरोगावरील औषधात १० मिलिग्रॅम पायपेरीन असल्याने, एरवी ४५० मिलिग्रॅम लागणारे रिफाम्पिसिन २०० मिलिग्रॅमवर आणता आले.

तासाच्या अंतराचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा दिसतो. लोहाची गोळी आणि चहा यांच्यात अंतर ठेवणे योग्यच, कारण तिथे दोन पदार्थ पोटात एकमेकांना चिकटतात. इथे मात्र बिघडते ते विकर. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीची दारूसोबत चाचणी करताना दारूची चव लपवण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस दिला गेला आणि गोळीचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढले, ही गोष्ट १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या रसाने आतड्याच्या अस्तरातील सीवायपी ३ए४ कायमचे निकामी होते आणि शरीराने नवे घडवेपर्यंत, म्हणजे दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ, परिणाम टिकतो. अशोक चौकाकडचे एक वयस्कर यंत्रमाग कामगार फिट्सची फेनिटॉइन न्यायला आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत पिंपळी चूर्णाची डबी होती. चालताना तोल जातो म्हणाले, आणि वर, "तासभर गॅप ठेवतो की ओ." पायपेरीनमुळे रक्तातील फेनिटॉइन वाढल्याचे माणसांवरील चाचण्यांत दिसले आहे, आणि ते थोडे वाढले तरी तोल जाऊ शकतो. कारण तेच होते, असे गल्ल्यावर बसून ठरवता येत नाही. मी डबीवरचे नाव त्यांच्या चिठ्ठीवर लिहून त्यांना डॉक्टरांकडे रक्तातील पातळी तपासायला धाडले.

'दुसऱ्या दिवशी पूर्ववत' हेही खोटे. उदासीनतेवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीतील हायपरफोरीन यकृताला सीवायपी ३ए४ जास्त घडवायला लावते. त्यामुळे सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध, रक्तात घटून झुरिचमधील दोन हृदयप्रत्यारोपण रुग्णांच्या शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केल्याची नोंद २००० साली झाली. अर्क थांबवल्यावर विकर पूर्वपदावर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि मधल्या काळात गोळीचा डोस वाढवला असेल तर आता तोच जास्त होतो.

याचा अर्थ प्रत्येक वनस्पतीला घाबरावे असा नाही. आमच्या जिल्ह्यातील डाळिंबाचेच पाहा: त्याचा रस परीक्षानळीत सीवायपी ३ए४ ला रोखतो, पण याच विकराने मोडल्या जाणाऱ्या मिडाझोलाम या गुंगीच्या औषधासोबत माणसांना दिला, तेव्हा औषधाच्या निचऱ्यात फरक पडला नाही. भाजीतली चिमूटभर मिरी आणि पायपेरीनचा शुद्ध अर्क भरलेली कॅप्सूल यांनाही एका मापाने मोजता येत नाही.